खड्ड्यातल्या बोकडाचा पंचनामा

वास घेण्याच्या कामावर सर्दी झालेला माणूस पाठवणारे साहेब, ते तुम्हीच. तुमचं नाव इथे लिहीत नाही. दारूबंदी खात्याच्या पाटीवर नाव नसतं, नुसता हुद्दा असतो, आणि हुद्द्याला लाज नसते. पण त्या पौष महिन्यात तुमच्या सगळ्या कचेरीत धड नाकाचा एक माणूस शिल्लक नव्हता काय? दारू कोणती आणि मटण कोणतं एवढं ज्याला कळत नाही, त्याच्या हातात तुम्ही जप्तीचा कागद दिलात. आता काय झालं ते ऐका.

जऊळक्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात पुंजाजी नावाचा कुणबी राहतो. दहा एकर वावर, एक बैलजोडी, बोलणं कमी. श्रावणात त्याची बायको कस्तुराबाई बाळंतपणात अडली. नाल्याला पूर, गाडी चिखलात रुतलेली, आणि गावातली शहाणी माणसं ओसरीवर उभी राहून "आता कसं व्हते बाप्पा" एवढंच म्हणत होती. तेव्हा पलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा लखीराम आणि त्याची बायको रामीबाई धावून आले. कस्तुराबाईला बाजेवर घालून त्यांनी छातीइतक्या पाण्यातून पार नेलं, थेट जऊळक्याच्या स्टेशनावर. वाशीमकडची गाडी यायला अवकाश होता. रामीबाईने वाट पाहिली नाही. स्टेशनाच्या पडवीत लुगडं आडवं धरायला लावून तिने बाळंतपण केलं. स्टेशनमास्तरने स्वतःच्या चहाचं आधण दिलं. मुलगी झाली आणि मायलेकी दोघी वाचल्या.

पुंजाजीच्या मनावर या उपकाराचं ओझं बसलं. सुगीचा माल घरात आल्याबरोबर तो तांड्यावर गेला.

"लखीरामभाऊ, समद्या तांड्यानं माह्या घरी जेवाले यावं. मले आभार मानाचे हायेत."

"जेवाले काय हाय?" रामीबाईने विचारलं.

"वरण, पोळी, वांग्याची भाजी."

"वांगे त आमच्या बी वावरात हायेत. त्याच्यासाठी तुमच्या गावापर्यंत काहून चालाचं?"

पुंजाजी ओशाळला. लखीराम हसला. या लखीरामचा एक हातगुण आहे. तो खड्ड्यात बोकड भाजतो. कामरगावपासून कारंजापर्यंत ज्याने ज्याने तो खाल्ला आहे, तो माणूस पुढे आठवडाभर घरच्या जेवणाला नावं ठेवतो. तेव्हा ठरलं असं की बोकड पुंजाजीचा आणि हात लखीरामचा. म्हणजे ज्याचे आभार मानायचे त्यालाच आचारी केला. तरी लखीराम आनंदाने कबूल झाला. त्याची अट एकच होती.

"पंगत एकच लागली पायजे. तुमचे लोक ओट्यावर अन् आमी गोठ्यापाशी, असं असन त आमी घास बी न घेता परत जाऊ. बोकड तुमाले ठिवून जाऊ."

"एकच लागन," पुंजाजी म्हणाला.

म्हणायला म्हणाला, पण भाऊबंदांना विचारायचं राहिलं होतं. त्यांच्यात वडीलधारा जगदेव. त्याने मान हलवली की गाव हलवतं.

"बाळंतपण तिनं केलं, ते ठीक हाय," जगदेव म्हणाला. "टेशनावर कोण कोणाची जात पायते? पण जेवण म्हंजे जेवण. तांड्यावरच्या हातचं आमी नाई खात."

आतून कस्तुराबाईने विचारलं, "म्हंजे माहा जीव वाचवाले तिचा हात चालते, अन् मीठ टाकाले नाई चालत?"

"तू बोलू नको. तू तवा बिमार व्हती, तुले काई समजत नव्हतं."

"मले समजत नव्हतं, पण तुमाले समजत असून तुमी ओसरीवरच व्हते, दादा."

यावर जगदेवने हुकूमच दिला. पुंजाजीचा मान म्हणून सगळ्यांनी जायचं, बांधावर बसायचं, पण तोंडाला काही लावायचं नाही. वीस-बावीस घरांनी माना डोलावल्या. पुंजाजीने पाया पडून पाहिलं, उपयोग झाला नाही. तांड्याला सांगायचं कसं, हे त्याला सुचेना. न सांगताच तो तयारीला लागला. अशी माणसं असतात. अवघड गोष्ट त्या दिवसावर ढकलतात आणि तो दिवस उजाडतोच.

पंगत वावरात बसायची होती, म्हणून चार दिवस आधीच नाल्याकाठी, बाभळीखाली लखीरामने कंबरभर खड्डा खणला आणि मडकी-गूळ आणून ठेवला. पंगतीच्या दिवशी तळाशी लाल होईतो तापवलेले दगड. मटणाला हळद, तिखट, लसूण आणि भाजलेल्या कांद्याचं वाटण चोळून ते चार नव्या मडक्यांत भरलं. मडक्यांची तोंडं कणकेने बंद केली. वर पळसाची पानं, ओलं पोतं, माती, आणि मातीवर गोवऱ्यांचा विस्तव. मुलांच्या लापशीसाठी दोन भेल्या गूळ शेजारीच ठेवला होता. एकदा झाकलं की दिवस कलेपर्यंत उघडायचं नाही. आधी उघडलं तर वाफ जाते आणि मांस चामड्यासारखं होतं.

आता तुम्हीच सांगा. नाल्याकाठ, खड्डा, धूर, तोंड बांधलेली मडकी आणि गुळाच्या भेल्या. दारूबंदी खात्याला स्वप्नसुद्धा याहून चांगलं पडत नाही.

दुपारी तुमचा जमादार सायकलीवरून आला. डोक्याला मफलर, गळ्यात तुळशीची माळ, आणि नाक टमाट्यासारखं लाल.

"कोणाची भट्टी हे?"

"भट्टी नाई जी," लखीराम म्हणाला. "बोकड हाय."

"जमिनीत?"

"हाव."

"मेलेलं जनावर जमिनीत पुरतात अन् जेवाचं चुलीवर ठेवतात. मले शिकवू नको."

"वास घेऊन पाहा ना सायब."

जमादार खड्ड्यावर वाकला. त्याने जोर लावून श्वास ओढला आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या. तिकडे बांधावर बसलेले जगदेवचे लोक त्या वासाने लाळ गिळून गिळून हैराण झाले होते. जमादाराने मात्र वही काढून लिहिलं, 'वास येत नाही. माल अत्यंत शिताफीने बंद केलेला दिसतो.'

"खोला!" त्याने हुकूम दिला.

लखीरामने हात जोडले. "आणखी दीड घंटा थांबा सायब. आज माह्या हातानं पुंजाजीभाऊची पंगत व्हाची हाय. आता खोललं त समदं बिघडते."

"कायदा तुह्या मटणासाठी थांबत नाही. पंच कुठं हायेत? हां, जगदेवराव, या पुढं. तुमी पंच."

बांधावर जगदेव दचकला. "मी? मी काहून?"

"काहून म्हणजे? परवा वाशीमले येऊन तुमीच त सांगितलं, चार मडके, दोन भेल्या गूळ अन् नाल्याकाठी खड्डा. तुमच्यापेक्षा भरवशाचा माणूस मले कोण भेटन?"

सगळं गाव जगदेवकडे पाहू लागलं. त्याची बायको सोजरबाई बांधावरून खणखणीत आवाजात म्हणाली, "परवा बैल पाहाले वाशीमले गेल्ते ना तुमी? हेच काय ते बैल?"

पुंजाजीने नुसतं जगदेवकडे पाहिलं. शिवी दिली असती तर जगदेवला सोपं गेलं असतं.

"आता पंचाचं काम समजून घ्या," जमादार म्हणाला. "संशयित मालाची वासानं अन् चवीनं खात्री कराची असते. माह्यं नाक बंद हाय. गळ्यात माळ असल्यानं मले तोंडाले लावता येत नाही. म्हणून चव पंच घेईन."

"चव? याच्या हातच्या मटणाची?"

"सरकारी कामात हात कोणाचा ते पाह्यत नाहीत. खोला रे."

लखीराम शांतपणे म्हणाला, "खोलतो जी. पण अजून अर्धं कच्चं हाय. आतून रगत निंगन. पंचाले तेच खा लागन."

"कच्चं?" जगदेवचा चेहरा उतरला. एका क्षणात तो लखीरामच्या बाजूला येऊन उभा राहिला. "जमादारसायब, एवढी घाई काहून करून राह्यले? कायदा काय पळून चालला काय? होऊ द्या ना चांगलं! कच्च्या मालाचा पंचनामा पुढं कोर्टात टिकन तरी काय?"

जमादाराने विचार केला. वाट पाहू नये असं कायद्यात कुठे लिहिलेलं त्याला आठवेना. तो पुंजाजीने टाकलेल्या बाजेवर बसला. त्याच्या शिंका थांबत नव्हत्या. रामीबाईने सुंठ, मिरी आणि गूळ घालून काढा उकळला आणि लोटाभर पुढे केला.

"प्या, सायब. गरमच प्या."

जमादार तो लोटा फुंकून फुंकून प्यायला. बांधावरचे लोक एकमेकांकडे पाहत राहिले. माळकरी, सरकारी माणूस, आणि तांड्याच्या हातचा काढा!

इकडे जगदेवला वेगळीच काळजी लागली. एकट्याने खाल्लं तर गाव आपल्यालाच बाटलेला म्हणेल. तो जमादाराजवळ सरकला. "सायब, चार मडके हायेत. एक पंच कसा पुरन? या समद्यायले पंच करा. समदे अब्रूदार माणसं हायेत."

"समदे?"

"एकूण एक. कोणाले सोडू नका."

दिवस कलला. लखीरामने माती बाजूला केली, पोतं ओढलं, आणि पहिल्या मडक्याची कणीक फोडली. वाफेचा लोट वर आला. त्या वासाने बांधावरची चार माणसं आपोआप उभी राहिली. जमादाराने घाईने मफलर नाकावर दाबला. हे फक्त रामीबाईने पाहिलं. नाक बंद असलेला माळकरी मटणाच्या वासापुढे नाक कशाला झाकेल? तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर वळवली, घसा खाकरला आणि पूर्वीइतक्याच करड्या आवाजात म्हणाला, "वास अजून येत नाही. चव घेणं भागच हाय. पंच अन् आरोपी एका रांगेत बसतीन. म्हंजे कोणी माल लपवणार नाही. आरोपी, पंच, आरोपी, पंच, असे बसा. आधी घास आरोपी घेईन."

माणसं बसली. जगदेवच्या एका अंगाला लखीराम, दुसऱ्या अंगाला रामीबाई. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. लखीरामने पहिला घास घेतला. मग जगदेवने डोळे मिटले, विष घेतल्यासारखा एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटूनच तो बराच वेळ चावत राहिला.

"काय लिहू?" जमादाराने विचारलं.

"लिहू नका अजून," जगदेव म्हणाला. "एवढ्याशा तुकड्यावरून खात्री नाई पटत. रस्सा टाक रे लखीराम. त्यातच असू शकते दारू."

"दुसऱ्या मडक्यातला देऊ काय, दादा?"

"दुसऱ्यातला बी दे. तिसऱ्यातला बी. सरकारी काम हाय, चुकाले नाई पायजे."

"माह्या पत्रावळीवर अजून कायीच आलं नाई," सोजरबाई पलीकडून ओरडली. "मी बी अब्रूदार हावो!"

मग मात्र पंचांना आवर राहिला नाही. कोणाला हाडात संशय येऊ लागला, कोणाला नळीत. भाकरी संपल्या तसं कस्तुराबाईने घरून दुसरी टोपली आणवली. पाच महिन्यांची मुलगी रामीबाईच्या मांडीवर देऊन ती स्वतः वाढू लागली. पुंजाजीने आभाराचं चार वाक्यांचं भाषण पाठ केलं होतं. तो उभा राहिला, रांगेकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, आणि त्याला एकही वाक्य आठवेना.

"लखीरामभाऊ," तो कसाबसा म्हणाला, "अजून घ्या."

"घेतो," लखीराम म्हणाला. "तुमी बसा पयले. तुमची जागा ठिवली हाय."

पुंजाजी बसला. चारही मडकी निथळून झाल्यावर जमादाराने पंचनामा वाचून दाखवला. 'बावीस पंचांनी माल कसून तपासला. दारूचा अंश आढळला नाही. परत नेण्यास योग्य असा माल शिल्लक न राहिल्याने तो जागेवरच नष्ट करण्यात आला.' त्याखाली बावीस अंगठे उमटले. शाईची गरज पडली नाही, रस्सा पुरला. जमादार जाताना रामीबाईकडून सुंठेची पुडी मागून घेऊन गेला. मुलांच्या लापशीचा एक द्रोणही त्याने बिनतक्रार खाल्ला.

साहेब, हा कागद तुमच्या कपाटात आहे. ही गोष्ट आपला जिल्हा मुंबई राज्यात गेल्यानंतर दुसऱ्या वर्षीची. मी तुमच्यावर रागावलो आहे आणि रागावलेलाच राहीन, कारण तुम्ही गाव आणि तांडा एका रांगेत बसवायला निघाला नव्हता. तुम्ही निरपराध माणसाची मडकी फोडायला निघाला होता. पण तुमच्या जमादाराच्या हातून जे झालं, ते आमच्या पोथ्यांनी आणि पुढाऱ्यांनी इतक्या वर्षांत केलं नाही. त्याला माझा रामराम पोचवा.

आता अडचण पुढची आहे. मुलगी वर्षाची होते आहे. पुंजाजीला पुन्हा पंगत घालायची आहे, लखीराम भाजायला तयार आहे, तांडा यायला तयार आहे. गावाच्याही तोंडाला पाणी सुटलं आहे. पण विचारायला गेलं की जगदेव म्हणतो, "आमची ना नाई. पण सरकारी कारण असल्याबिगर कसं बसाचं? लोक काय म्हणतीन?" स्वतःच्या मर्जीने शेजारी बसायला आमच्या गावाला अजून लाज वाटते. हुकूम असला तर वाटत नाही.

म्हणून पुंजाजीने चैत्रात तुमच्याकडे अर्ज टाकला. जेठात दुसरा टाकला. दोन्हीवर सगळ्या गावाच्या सह्या आहेत, पहिली जगदेवची. अर्जात एवढंच विचारलं आहे की पुढची धाड केव्हा? तुमच्याकडून चिटोरंसुद्धा आलेलं नाही. बोकड दावणीला बांधला आहे आणि रोज खातो आहे. मडकी नवी आणून ठेवली आहेत. साहेब, टाळू नका. तारीख सांगा.