वरून दिसलेले पैलवान

आमच्या वरच्या मजल्यावरच्या पद्माक्का बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरतात, पिरगळतात आणि ओरडतात, "हालू नगंस! दुखतंय तितंच थांब की!" मग केसांत खोवलेली पेन्सिल उपसून त्याचं चित्र काढायला लागतात. गॅसवाला, पोस्टमन, माझी बायको, सगळे जिन्यात असे सापडलेले आहेत. मी स्वतः भाजीच्या पिशवीसकट वीस मिनिटं धोबीपछाडीच्या तयारीत उभा होतो. आक्कांचं वय ऐंशी, पकड पंचविशीची.

तरुणपणी आक्कांनी कुस्तीच्या डावांच्या एका पुस्तकाची सगळी चित्रं काढली. पोरीनं उघडेवाघडे पैलवान काढायचे म्हणजे काय! भावानं कागद चुलीत घातले. आक्कांनी नवे आणले. सही मात्र 'प. आ. चौगुले'. त्यामुळं पत्रं चौगुले साहेबांच्या नावानं यायची.

"भेटाय कोण आलं की सांगायची, सायेब बाजारात गेल्यात!" असं म्हणून आक्का गडगडाटी हसतात.

एकदा ते पुस्तक चाळताना मी विचारलं, "आक्का, सगळे पैलवान वरूनच का दिसतात?"

आक्कांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

"तालमीत बायकांस्नी बंदी हुती न्हवं," त्या म्हणाल्या. "हौद्यावर छप्पर न्हवतं, समोरच्या गच्चीवरनं काढल्यात. उंबऱ्याच्या आत कवाच गेली न्हाय."

गेल्या महिन्यात एक दणकट मुलगी जिना चढून आली. त्याच तालमीत ती आता पोरींना कुस्ती शिकवते. हातात ते जुनं पुस्तक. "चौगुले आजोबा हायत काय वो?"

आक्कांनी तिचं मनगट धरलं. "आजोबा मीच. पटंना काय?"

"पटलं, पटलं! सोडा आज्जी!" मनगट चोळत ती हसली. "आमच्या पोरी ह्यातनंच डाव शिकत्यात. चला की तालमीत!"

"आत?"

"मग काय भाईर?"

सोबत मीही गेलो. आक्कांनी उंबऱ्याशी चपला काढल्या आणि तिथंच थांबल्या. पाऊल काही उचलेना. कुणालाही न घाबरणारी ही बाई तशीच उभी राहिली. शेवटी त्या मुलीनं हात पुढं केला. आक्कांनी तो घट्ट धरला, पण पिरगळला नाही.

लाल मातीच्या हौद्याकाठी त्या मांडी घालून बसल्या. समोर दोन पोरी भिडल्या. पेन्सिल चालू झाली ती थांबेचना. तासाभरानं मी म्हटलं, "आक्का, निघायचं का?"

"थांब की रं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आजवर पैलवानांची निस्ती टाळकी काढली. तोंडं आज बघाय मिळाल्यात."