अर्धा फोटो पांढुर्ण्याचा, अर्धा सौंसरचा

देवराव काका फोटो काढण्याआधी समोरच्याला बजावून ठेवतात, "पाह्य बाप्पा, तू येशीलच याची काही ग्यारंटी नाही."

हा विनय नव्हे, अनुभव आहे. काकांचा कॅमेरा प्लास्टिकचा. डबा प्लास्टिकचा आणि भिंगही प्लास्टिकचंच. मुलीनं पुण्याला शिकताना हौसेनं घेतला, हौस आठवड्यात फिटली आणि लग्न होऊन जाताना तिनं तो माहेरी टाकला. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या काकांना तो माळ्यावर सापडला, आणि आमच्या वॉर्डाचं स्वास्थ्य गेलं.

या डब्यात रोल भरावा लागतो. रोल मिळतो नागपूरला, धुऊन मिळतो तोही नागपूरलाच आणि दुकानदाराच्या मर्जीनं. शेंबडं पोरगंही जिथं फोनवर फोटो काढून, बघून, नापसंत करून पुसून टाकतं, तिथं काका वरातीच्या घोड्यापुढं उभे राहून ओरडतात, "हलू नोका! दोन महिन्यानं दाखवतो!" दोन महिन्यांनी निघतं काय? घोड्याला दोन तोंडं आणि नवरदेवाला एकही नाही. वर कुठल्याशा फटीतून उजेड शिरून अर्धं वऱ्हाड लालभडक. काका तो कागद लांब धरतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "यातच त मज्या आहे!"

जामसांवलीला दर्शनाला गेलेल्या अख्ख्या वॉर्डाचा त्यांनी देवळाबाहेर फोटो काढला. त्यात फक्त पाय आले. बायकांनी आपापल्या चपला ओळखल्या, तेवढंच समाधान. माझ्या मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोत केक नाही, मुलगा नाही, शेजाऱ्यांचा कूलर मात्र अगदी स्वच्छ आला आहे. काकूंचं मत स्पष्ट आहे. "घरात एक माणूस रिकामा होता, आता एक डबाही झाला."

घोड्याच्या दोन तोंडांचं कारण असं की, रोल पुढं फिरवायला विसरलं तर हा कॅमेरा काही बोलत नाही, पहिल्या फोटोवरच दुसरा बसवतो. दुसऱ्या कोणी ही खोड दुरुस्त केली असती. काकांनी तिला शिक्षण दिलं. नोकरीतली काळी टेप घरात मुबलक होती. तिनं अर्धं भिंग झाकायचं, एक फोटो काढायचा, मग रोल न फिरवता टेप दुसऱ्या अर्ध्यावर लावायची आणि पुन्हा बटण दाबायचं. दोन महिन्यांनी काकांचा एक फोटो आला. ओट्याच्या एका टोकाला काका, दुसऱ्या टोकालाही काकाच, आणि दोघं एकमेकांकडं बघून चहा पीत आहेत. काकू म्हणाल्या, "चाला, ह्यांचं ज्याच्याशी पटते असा माणूस भेटला एकदाचा."

काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसला निघालो, तर हे फाटकाशी उभे. माझी शाळा सौंसरला, घर पांढुर्ण्यात, त्यामुळे रोजची ये-जा.

"गुरुजी, इथं एका बाजूले मी उभा राहतो, तुम्ही दाबा. मंग हा डबा सौंसरले किसनरावच्या घरी द्या. त्यानं दुसऱ्या बाजूले उभं राहावं अन् कोणाच्याही हातानं दाबून घ्यावं म्हणा. फिरवू नोको म्हणा. मी टेप सरकवून देतो."

किसनराव म्हणजे काकांचे थोरले भाऊ. आमच्याकडे वर्षातून एकदा जत्रेत पांढुर्णा आणि सावरगाव ही गावं जाम नदीच्या दोन काठांवरून दगड मारून एकमेकांची डोकी फोडतात आणि नंतर एकाच टपरीवर चहा पितात. या दोघा भावांनी एकमेकांना खडाही मारला नाही आणि बोलणं मात्र बंद. कारण काकांच्या मुलीचं लग्न. फोटोवाल्यानं "घरचे सगळे या" म्हणून हाक दिली, तेव्हा किसनराव पंगतीत वाढप बघत होते. त्यांना बोलवायचं कोणालाच सुचलं नाही. पुढं तो फोटो मोठा करून काकांच्या भिंतीवर लागला. किसनरावांनी तो पाहिला, पाणीसुद्धा न पिता चप्पल घातली आणि गेले.

"तुम्ही स्वतःच का जात नाही?" मी विचारलं.

"मी काऊन जाऊ? मोठा तो आहे."

किसनरावांना विचारलं असतं तर तेही हेच म्हणाले असते, फक्त उलट्या बाजूनं.

तर असा मी एका प्लास्टिकच्या डब्याचा हमाल झालो. काका इस्त्रीचा सदरा घालून भिंतीशी उभे राहत, एक हात हवेत, कोणाच्या तरी खांद्यावर टाकल्यासारखा. मी बटण दाबायचो. मग ते टेप सरकवून, झाकण लावून डबा गमछ्यात गुंडाळून देत. सौंसरला किसनराव निरोप ऐकून तो आत नेत आणि दुसऱ्या दिवशी तसाच गुंडाळून परत देत. सगळा रोल असा भरला. तो धुऊन आला त्या संध्याकाळी काकांनी मला घरी बोलावलं.

प्रत्येक फोटोत डावीकडे काका. उजवीकडे काळाकुट्ट अंधार, आणि त्यात शिरलेला काकांचा हात.

"दाबलंच नाही त्यानं," काका म्हणाले. 'मज्या' हा शब्द त्यांना त्या दिवशी सुचला नाही. त्यांनी फोटो आणि कॅमेरा माझ्याकडे ढकलले. "तुमच्या शाळेतल्या लेकरायले खेळाले देऊन टाका."

मला किसनरावांचा खरोखर राग आला. सकाळी शाळेच्या आधी त्यांच्या दारात गेलो, फोटो पुढं टाकले आणि म्हणालो, "दाबायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं."

किसनराव फोटो बघतच राहिले. "दाबलं नाही? अरे, दर बारी अंगोळ करून, टोपी घालून उभा राहिलो! इले विचारा!"

त्यांच्या बायकोनं माझ्या हातातून कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला आणि खटकन बटण दाबून दाखवलं. भिंगावरचं झाकण तसंच होतं. या डब्यात बघायचं भोक वेगळं आणि भिंग वेगळं, त्यामुळे झाकणासकट सगळं दिसतं, येत काहीच नाही.

"काकू, हे झाकण काढायचं असतं."

त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. किसनराव खाली बघून म्हणाले, "ते त्यानं लावलं होतं गुरुजी. त्याची वस्तू. आपण काढलं अन् हरपलं, त अजून एक भांडण. मी म्हटलं, हात लावू नोको."

मला हसू यायला हवं होतं. पण मी त्यांच्यापुढं टाकलेले फोटो उचलून घेतले.

संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी फोटो पुन्हा मागून घेतले. मग विचारलं, "टोपी घालत होता?"

"दर वेळी."

"उभा कोणत्या बाजूले राहत होता?"

"तुम्ही सांगितलं त्याच. तुमच्या वहिनी म्हणाल्या, हातही असाच धरायचे. खांद्यावर टाकल्यासारखा."

काका उठले आणि आत जाऊन सदरा बदलून आले. काकूंनी विचारलं, "आता कुठं?"

"सौंसरले. शेवटची बस भेटते अजून. झाकण कसं काढाचं ते दाखवून येतो त्याले, बाकी काही नाही," असं भिंतीकडं बघून म्हणाले आणि चपला घालून जवळजवळ पळतच स्टँडकडे निघाले.

मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. कॅमेरा माझ्याच पिशवीत राहिला होता.