पाच रिकाम्या सीटा

रविवारी सकाळी सहा ते सव्वासहा या पंधरा मिनिटांत धम्मरत्नच्या फोनवर सहा मेसेज पडले आणि सहाही जणांनी एकच गोष्ट सहा तऱ्हांनी कळवली होती. येत नाही.

मतीनकडे पाहुणे येणार होते. एकाला ऑफिसचा फोन येणार होता, तोही रविवारी! एकानं तर काही लिहिलंच नाही, नुसते जोडलेले हात पाठवले. शेवटचा शेखर. लहानपणापासून धम्माच्या घरी जेवलेला, सख्ख्यासारखा. त्यानं लिहिलं, "डोकं लय दुखून राह्यलं बे. पुढच्या साली पक्कं."

ही सगळी दुसरबीडचीच पोरं, पण आता पुण्याला नोकरीला, सुटीपुरती गावात आलेली. मागं राहिला एकटा धम्मा, फाट्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान घेऊन. सगळे चार दिवस सुटीवर येणार म्हटल्यावर त्यानं महिनाभर ग्रुपवर जीव टाकला होता. देऊळघाटच्या पुढं डोंगरात पळसफूल महोत्सव आहे, एक दिवस जाऊ, सकाळी निघू, संध्याकाळी परत. रहेमतुल्ला चाचांची बारा सीटांची जीपसुद्धा सांगून ठेवली होती. आणि ती जीप आता दारात उभी राहून हॉर्न देत होती.

त्याहून मोठी पंचाईत स्वयंपाकघरात होती. धम्माची माय मंजुळाबाई पहाटे चारला उठली होती. पन्नास दशम्या, मसाल्याची वांगी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, असा मोठा चार पुडांचा डबा तिनं भरला होता. गेलं वर्षभर ती एकच गोष्ट घोकत होती, "तू एकला पडला रे धम्मा. कोणी येत नाही, कोणी बलावत नाही." आज ती न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून, डबा कडेवर घेऊन उभी होती. तिला सांगायचं तरी कसं?

"पोरं कुठी हायेत?"

"फाट्यावर उभे हायेत माय."

"गाडी किती सीटांची हाय?"

"बारा."

"अन तुम्ही?"

"सात."

"मंग पाच सीटा रिकाम्याच जाऊन राह्यल्या?"

"हाव ना. पाय पसरून बसू." असं म्हणून त्यानं डबा घेतला आणि जीपमध्ये उडीच मारली.

फाट्यावर एक कुत्रं होतं. चाचांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग धम्माकडे. "सवारी?"

"चला चाचा. मी एकलाच हाय."

चाचा भला माणूस, पुढं काही विचारलं नाही. धम्मा आधी पुढं बसला. तिथं करमेना म्हणून मधल्या सीटवर गेला. तिथून मागं. आता तुम्हीच सांगा, बारा सीटांच्या जीपमध्ये एकट्या माणसानं बसावं तरी कुठं? तेवढ्यात मायचा फोन.

"शेखरले फोन दे."

"शेखर झोपला माय."

"मंग मतीनले दे."

"तोबी झोपला."

"सगळेच झोपले? डायवर तं जागा हाय ना रे बाप्पा?"

धम्मानं फोन ठेवला आणि डब्याकडे पाहिलं. हा भरलेला डबा घरी नेला की मायला सगळं कळणार. टाकून द्यावा तर पन्नास दशम्या, आणि प्रत्येक दशमीवर तिची बोटं उमटलेली. डबा रिकामा झालाच पाहिजे!

तेवढ्यात जीप करकचून थांबली. रस्त्याच्या कडेला एक बाई हात करून उभी होती, काखेत कोंबडी.

"चाचा, ही रिझर्व्ह गाडी हाय ना?"

"हाव बेटा," चाचा ओशाळून म्हणाले. "पर तीस साल काळी-पिवळी चालवली. हात दिसला का पाय आपोआप ब्रेकवर जाते. मी काय करू?"

पुष्पाबाई चढल्यासुद्धा. त्या देऊळघाटच्या, लेकीकडून परत निघालेल्या. "सरक ना बाबू, कोंबडीले हवा लागू दे." पुढच्या वळणावर नारायणराव, रिटायर गुरुजी, बुलढाण्याला दाढ काढायला चाललेले. त्यांना मान म्हणून पुढची सीट. त्याच्या पुढं सुवर्णा आणि तिच्या तीन जावा, चिखलीला लग्नाच्या सुपारीच्या कार्यक्रमाला, उरलेल्या सीटांवर त्यांच्या पाट्या आणि पिशव्या. सहा माणसं झाली. बरोबर सहा! धम्मा सरकत सरकत मागच्या दाराशी पोचला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"तू कुठी चालला?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"फुलं पाह्यले. महोत्सव हाय."

"एकलाच? अन एवढा मोठा डबा?"

कोंबडीनं धम्माकडे पाहिलं. त्यानं डबा उघडला.

आधी सगळ्यांनी नको नको केलं. आमचं झालं, पोट भरलेलं हाय, वगैरे. मग वांग्याचा वास सुटला. चिखलीच्या अलीकडे चाचांनी लिंबाखाली गाडी लावली आणि दहा मिनिटांत चारही पुडं साफ. दाढदुखीचे नारायणराव दशमी ठेच्यात बुडवून दुसऱ्या गालानं खात होते आणि डोळे पुसत म्हणत होते, "आईले सांग, लय दिवसानं असं खाल्लं."

इतक्यात मायचा मेसेज आला. पोरं जेवताना फोटो पाठव. धम्मानं डोकं चालवलं. चेहरे नकोत, फक्त डबा आणि भोवतीचे हात! काढला, पाठवला. दोन मिनिटांत मायचा व्हॉइस मेसेज आला, "शेखर कवापासून बांगड्या घालून राह्यला?"

धम्माला घाम फुटला. त्यानं लिहिलं, "ती प्रेरणा हाय. शेखरच्या ऑफिसातली."

या वेळी उत्तर यायला वेळ लागला. "असं का? शेखर तं कधी बोलला नाही. अन एका प्रेरणाले आठ हात हायेत का रे?" तिच्या आवाजामागं कुणीतरी खोकलल्यासारखं वाटलं. असेल शेजारपाजारचं, म्हणून धम्मानं फोन खिशात टाकला.

चिखलीला चौघी जावा उतरल्या. बुलढाण्याला गुरुजी उतरले. देऊळघाटला पुष्पाबाई उतरल्या आणि भाडं द्यायला लागल्या तर चाचा म्हणाले, "मालकाले विचारा," आणि अजून मागच्या दाराशीच बसलेल्या धम्माकडे बोट केलं.

"अगं माय! गाडी याची अन म्या यालेच सरक सरक म्हणून राह्यले!" पुष्पाबाईंनी कपाळावर हात मारला आणि डबा हिसकावूनच घेतला. घरात नेऊन घासला, परत आणला तर जड. चार पुडांत चिंच, गूळ, भुईमुगाच्या शेंगा. "कोणाचा डबा रिकामा देऊ नाही बाबू. मायले दे."

मग जीप पुन्हा रिकामी. डोंगर मात्र असा पेटला होता की विचारू नका, नजर जाईल तिथवर नुसता केशरी. महोत्सवाच्या मंडपात एका पोरीनं वहीतून मान वर केली. "सर, किती जण?"

"सात," तो सवयीनं बोलून गेला.

"बाकीचे?"

"मागून येऊन राह्यले."

तिनं त्याच्या हातात पळसाच्या फुलाचे सात बिल्ले ठेवले. तिथं जो तो घोळक्यानं आलेला. हसत होते, एकमेकांना फुलं मारत होते, फोटो काढत होते, आणि धम्माला तीन वेळा कुणी ना कुणी म्हणालं, "दादा, आमचा एक फोटो काढता का?" त्यानं तिन्ही वेळा काढला. सगळे नीट मावतील असा.

शेवटी चाचा येऊन शेजारी उभे राहिले. "पळसाले पानं तीनच म्हणतात ना बेटा? इथं तं एकबी नाही."

"फुलायच्या टायमाले पानं निघून जातात चाचा."

चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी माय दारातच बसली होती. तिनं डबा उघडला, चिंच पाहिली, शेंगा पाहिल्या. "हे कोणं भरलं?"

"शेखरनं."

"अन त्याले वांगं आवडलं?"

"लय. दोनदा घेतलं."

"मंग बरं झालं," माय शांतपणे म्हणाली. "इथं बिचाऱ्यानं नुसतं पिठलं खाल्लं. डबा तं तू नेला होता."

"शेखर इथं आला होता?"

"नऊ वाजता आला तो. सगळे नाही म्हणले, तं धम्मा घरीच असंन, म्हणून. फोन करून राह्यला होता, म्याच नको म्हणलं. म्हणलं, पोरगं गेलं हाय तं पाहू दे फुलं. प्रेरणा ऐकून त्याले ठसका लागला. चारपर्यंत वाट पाह्यली त्यानं. मंग पुण्याची गाडी होती."

धम्मा उंबऱ्यावर बसला. दिवसभर त्याच्यासाठी कुणीतरी थांबलं होतं, आणि तो तेव्हा लोकांचे फोटो काढत होता. त्यानं खिशातले बिल्ले काढून नुसते समोर ठेवले. सात.

मायनं त्यातला एक उचलला, उलटापालटा करून पाहिला. "लय लाल असते का रे डोंगर?"

"तू पाह्यला नाही?"

"मले कोण नेते?" ती म्हणाली. मग चिंचेतले चिंचोके निवडता निवडता, मान खाली घालून, "सकाळी पाच सीटा रिकाम्या होत्या ना?"

तेव्हा कुठं धम्माला ते चांगलं लुगडं आठवलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. झेरॉक्सच्या दुकानाला कुलूप. फाट्यावर मंजुळाबाई पदराला बिल्ला लावून उभी होती. रहेमतुल्ला चाचांची जीप आली, कामाच्या दिवसाची, गच्च भरलेली, दोघे मागं लोंबकळत होते. मंजुळाबाईनं हात केला आणि चाचांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.