अण्णा पाय वाळवतात

आमच्या घरी कुणी आलं की आधी पाणी विचारतात. माधवअण्णांना फॅन विचारावा लागतो. आल्याबरोबर ते स्टुलावरचा टेबल फॅन खाली उतरवतात, दोन्ही पाय त्याच्यासमोर धरतात आणि बोटं फाकवतात. "चहा असू द्या भाऊ, आधी पाय वाळू द्या."

अण्णा आमचे शेजारी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. लातूर-नांदेड रस्त्यावर आयुष्य बुटांत गेलं आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी कायमची राहायला आली. इलाजाची त्यांची पद्धत ठरलेली. मेडिकलवाल्याला पाय दाखवायचा, तो देईल ती ट्यूब लावायची, खाज थांबली की ट्यूब कपाटात. मी टोकलं की म्हणत, "गाडी डेपोला लागली भाऊ. आता इंजिन कशाला चालू ठेवू?" पुढच्या महिन्यात खाज टाचेपर्यंत.

हे हसण्यावारी जात होतं. मग शुगरमुळे त्यांच्या बायकोच्या, गोदाकाकूंच्या, पायाचं एक बोट काढावं लागलं. ड्रेसिंग करताना नर्स म्हणाली, "घरात कुणाला बुरशी असेल तर जपा. शुगरने यांचे पाय बधिर झालेत, बुरशीने भेग पडली तरी यांना कळायचं नाही."

अण्णांनी धसकाच घेतला. टॉवेल वेगळा, बादली वेगळी, न्हाणीतल्या चपला वेगळ्या. स्वतःची खाट व्हरांड्यात. काकूंचे तळपाय रोज बॅटरी मारून बघायचे, पण लांबून, एक हात पाठीमागे घेऊन.

"मी काय अ‍ॅक्सिडेंटची गाडी हाय का, पंचनामा करायला?" काकू म्हणायच्या.

शेवटी मीच अण्णांना स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मेडिकलची ट्यूब कचऱ्याच्या टोपलीत टाकली, रक्त तपासलं, गोळ्या आणि मलम लिहून दिलं. "अण्णा, खाज थांबली म्हणजे मधला स्टॉप आला. डेपो लांब आहे. मी सांगेपर्यंत औषध सोडायचं नाही."

या खेपेला अण्णांनी एक गोळी चुकवली नाही. परवा डॉक्टर म्हणाले, "पाय स्वच्छ आहेत. औषध बंद करा."

अण्णांचा विश्वास बसेना. घरी येऊन व्हरांड्यातल्या खाटेवर बसले आणि पाय माझ्यापुढे धरला. "तुम्ही बघा. लाइटबिलातली चूक तुमच्या नजरेतून सुटत न्हाई."

मी एकेक बेचकी उघडून पाहिली. काही नव्हतं. "मग आता खाट आत घ्या की."

"लई भिऊन राहिलो भाऊ. तिचं अजून एक बोट गेलं तर?"

आतून काकू भिंत धरत आल्या. अण्णांना उठवलं आणि खाटेचं एक टोक ओढू लागल्या.

"अगं, पायावर पडंल!"

"पडू द्या. पायाला मला काही कळत न्हाई. खोलीत माणूस न्हाई, ते मात्र कळतंय."

अण्णांनी दुसरं टोक उचललं. मी दार धरून उभा राहिलो.