साहेब वाजले

ए, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक! अर्धी सुरक्षितता अंतर राखण्यात असते आणि उरलेली अर्धी, ते अंतर दुसऱ्यानं मोडलं हे दाखवण्यात.

आमच्या ताईच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. लांबून प्रकाशाचा झोत टाकायचा. समोरच्या वस्तूला स्फोटकाचा डोळ्याला न दिसणारा कण जरी चिकटलेला असला, तरी यंत्र शिट्टी मारतं. आजवर त्याच्या चुका शून्य. (ताईच्या बढत्याही शून्य. ती अजून हंगामी.) नियम एकच: ज्याच्यावर शिट्टी झाली ते 'वाजलं', आणि जे वाजलं, त्याच्या पन्नास मीटरच्या आत कुणी फिरकायचं नाही.

गेल्या महिन्यात मोठे साहेब चाचणी बघायला आले. चाचणी जमली की ताई कायम, असं ठरलेलं. आवारात टेबलावर पिशव्या मांडलेल्या, त्यातल्या एकीच्या बंदाला ताईनं कण लावलेला. साहेबांनी फोटोसाठी नेमकी तीच उचलली!

"अहो साहेब, हात नका लावू!" ताई यंत्रापासून ओरडली.

"घाबरता काय मॅडम, मी आहे ना!" म्हणत त्यांनी त्याच हातानं टेबलावरच्या तिच्या नेमणुकीच्या आदेशावर सही ठोकली आणि वर दगड ठेवला.

झोत फिरला. पिशवी वाजली. टाळ्या! मग साहेब वाजले. टाळ्या बंद. मग आदेश वाजला.

सगळे अदबीनं मागे सरकले. (साहेबांचा इतका मान यापूर्वी कुणी राखला नव्हता.)

"अगं बाई, यंत्र चुकलं म्हण की!" साहेब एकटेच तिकडून ओरडतायत.

आता बघ हं. यंत्र चुकलं म्हणावं, तर साहेब सुटतात, आदेश उचलता येतो. पण चाचणी नापास, म्हणजे आदेशच रद्द. बरोबर म्हणावं, तर ताई कायम. फक्त आदेशाजवळ जायचं नाही.

"यंत्र बरोबर आहे, साहेब," ताई म्हणाली. "अभिनंदन!"

दोन आंघोळींनंतर साहेब वाजायचे थांबले. आदेशाला आंघोळ घालता येत नाही. तो अजून टेबलावर दगडाखाली आहे. ताई रोज दुर्बिणीतून वाचते आणि खुशीत घरी येते.

तिचे कण लावायचे हातमोजे काल मीच धुतले, आणि मघापासून तू मला टाळ्या देतोयस. तर बोल, तिच्या जागी तू काय केलं असतंस? अंहं, जवळ नको येऊस, तिथूनच सांग!