नारिंगी की निळं

गुरुवारी पहाटे वाऱ्यानं झाड पडलं ते नेमकं फाटकावर. मूळ आवारात, शेंडा समोरच्या दगडी कुंपणावर, आणि मधलं खोड वाटेत आडवं, कमरेइतक्या उंचीवर. माणूस खालून वाकून जाऊ शकत होता, पण व्हॅन जाणं शक्य नव्हतं. आणि व्हॅनमध्ये पडदा होता.

हा पडदा म्हणजे खिडकीचा नव्हे. गावातल्या नाट्यगृहाचा नवा पडदा, गर्द मखमलीचा, दोन भागांत, एकेक भाग उचलायला सहा माणसं लागतील असा. घड्याळजींच्या बायकोनं तो चार महिने शिवला होता. चार महिने घरात पाय ठेवायला जागा नव्हती, जेवताना ताटाखाली मखमल आणि झोपताना पायाशी मखमल. शनिवारी संध्याकाळी सहाला दुरुस्त झालेलं नाट्यगृह उघडणार होतं आणि त्याआधी पडदा टांगायला चार तास लागणार होते. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं काम पाचशे माणसं एकदम बघणार होती.

नगरपालिकेत फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "पडलेल्या झाडांची यादी केलीय. तुमचा नंबर एकोणीस. बुधवारी माणूस येईल."

"बुधवारी पडदा काय मी अंगावर पांघरून बसू?" बायकोनं फोन ठेवल्यावर विचारलं. "अहो, एक चेनसॉ घेऊन या. नाहीतरी आवारात अजून तीन झाडं डोलतायत."

"आणतो," घड्याळजी म्हणाले. "जरा चौकशी करून."

हे शेवटचे तीन शब्द ऐकून बायको धास्तावली. घड्याळजींची चौकशी तिला ठाऊक होती. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळांची पोटं उघडलेला हा माणूस. एखादी गोष्ट चालते एवढं त्याला कधीच पुरत नसे, ती का चालते हे कळलं पाहिजे. मागे घरात मिक्सर आला होता तो पाच आठवड्यांच्या चौकशीनंतर, तोवर बायको पाट्यावर वाटत होती.

हार्डवेअरच्या दुकानात भिंतीवर दोन चेनसॉ टांगलेले होते. एक नारिंगी, एक निळा. पट्टी सारखी, साखळी सारखी, ओढायची दोरीसुद्धा सारख्याच लांबीची. घड्याळजींनी दोन्ही उलटेपालटे करून पाहिले आणि सरळ विचारलं, "यातलं चांगलं मशीन कुठलं?"

दुकानदारानं आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग आवाज खाली आणला. "काका, हा प्रश्न मला विचारू नका. माझे वडील निळेवाले. सासरे नारिंगीवाले. लग्नात दोघं शेजारी बसले नाहीत. मी दोन्ही विकतो आणि घरी कुऱ्हाड वापरतो."

"पण फरक काय?"

"फरक?" दुकानदार खुर्चीत मागे टेकला. "रंगाचा."

आता घड्याळजींची खरी चौकशी सुरू झाली. झाड बाजूला राहिलं. दोन सारखी यंत्रं आणि त्यांच्यापायी व्याही शेजारी बसत नाहीत, हे कोडं सोडवल्याशिवाय त्यांना घास गिळवेना.

पहिले भेटले सुतारमामा. त्यांच्या कारखान्यात भुशाचा ढीग होता आणि खुंटीवर नारिंगी टोपी. "मशीन घ्यायचंय? मग विचारायचं काय त्यात? नारिंगी!"

"का पण?"

"का म्हणजे? एका ओढीत सुरू होतं. निळं ओढून ओढून खांदा निखळतो माणसाचा."

"तुमचा निखळला होता?"

"माझा कशाला निखळेल? मी निळ्याला कधी हात लावलाय?"

घड्याळजींनी मान डोलावली. "मग कळलं कसं?"

सुतारमामांनी हातातला रंधा खाली ठेवला. ते रागावले नाहीत, पण एखाद्यानं आपल्या आईच्या स्वयंपाकाबद्दल शंका काढावी तसे बघत राहिले. "माझ्या वडिलांनी नारिंगी चालवलं," ते म्हणाले. "एका पावसाळ्यात नदीचं लाकूड अडकलं होतं पुलाला, तेव्हा रात्रंदिवस चाललं ते. वडील गेले, मशीन अजून चालतंय. तुम्ही मला कळलं कसं विचारता?"

वखारवाले काका तर आणखी एक पाऊल पुढे. त्यांच्या ओंडक्यांच्या राशीपुढे चार निळी मशीनं ओळीनं मांडलेली होती आणि ती ते फडक्यानं पुसत होते. "नारिंगी?" त्यांनी हा शब्द तोंडातून काडी काढावी तसा काढला. "ते सुतारांना ठीक आहे हो. फळ्याबिळ्या कापायला. लाकूड कापायचं तर निळं."

"पण दोन्हींची पट्टी सोळा इंचाचीच आहे. मी मोजली."

"मोजून कळत नाही. आवाज ऐका." काकांनी दोरी ओढली. मशीन खोकलं. पुन्हा ओढली. पुन्हा खोकलं. सहाव्या ओढीला सुरू झालं. काकांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? आधी विचार करतं, मग बोलतं. उथळ पाण्यासारखा खळखळाट नाही."

शुक्रवारी संध्याकाळी घड्याळजी घरी आले ते रिकाम्या हातानं, पण डोळे चमकत होते. "अगं, फार मजेशीर प्रकार आहे! दोन्हीकडची माणसं शहाणी, हुशार. पण एकानंही दुसरं चालवून पाहिलेलं नाही. सगळं वडिलांकडून आलंय. नाक यावं तसं!"

"मशीन कुठाय?"

"तेच सांगतोय. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही. म्हणून उद्या सकाळी दोघांनाही बोलावलंय. एकाच खोडावर, शेजारी शेजारी कापतील. जे आधी कापेल ते घेऊ. झाडही तुटेल, चौकशीही पुरी होईल!"

बायकोनं कपाळावर हात मारला. पण दोन करवतींनी झाड दुप्पट वेगानं तुटेल असा हिशोब तिनंही मनात केला.

शनिवारी सकाळी आठला सुतारमामा आले. एकटे नाही. नारिंगी टोप्या घातलेले पाच जण बरोबर. पाच मिनिटांत वखारवाले काका ट्रक घेऊन आले, त्यातून निळ्या सदऱ्यातले पाच जण उतरले. एवढ्या माणसांचं काम नव्हतं. लढाईला कोणी एकटं जात नाही इतकंच. आवारात बारा माणसं दोन रांगांत उभी राहिली, आणि मध्ये बिचारं झाड.

"पेट्रोल कोणतं भरलंय त्यांनी?" सुतारमामांनी विचारलं.

"आम्ही भरलंय ते तुम्हाला परवडणार नाही," काका म्हणाले.

दोन टोकांना टेकलेलं खोड मध्यभागी वाकतं. वरून कापलं तर कापलेली फट मिटते आणि पट्टीला चिमट्यात धरते. म्हणून असं खोड आधी खालून कापायचं असतं. हे सुतारमामांना लहानपणापासून माहीत होतं आणि काकांचा तर धंदाच तो. पण खालून कापायला गुडघ्यावर बसावं लागतं, वेळ दुप्पट लागतो, आणि समोरचा वरून सुरुवात करणार असेल तर? दोघांनी एकमेकांकडे तिरक्या नजरेनं पाहिलं आणि दोघांनीही वरून सुरुवात केली.

काय तो आवाज! भुसा उडाला, टोप्या उडाल्या. घड्याळजी हातात घड्याळ धरून मध्ये उभे. नारिंगी चार बोटं आत गेलं. निळं चार बोटं आत गेलं. मग खोड कुरकुरलं, जरासं बसलं, आणि दोन्ही मशीनं एकदम गप्प झाली.

सुतारमामांनी ओढून पाहिलं. हललं नाही. काकांनी ओढून पाहिलं. तेही हललं नाही. दोन्ही पट्ट्या खोडात घट्ट रुतून बसल्या होत्या, एकमेकींपासून तीन हातांवर.

"चव्वेचाळीस सेकंद," घड्याळजींनी नोंद केली. "दोघांचेही. हे फारच विशेष आहे."

"दुसरं मशीन आणून शेजारी कापलं की सुटेल," एक निळा सदरा म्हणाला. "आमची वखारीत तीन आहेत."

"नारिंगी खोडात आहे तोवर निळं या झाडाला लागणार नाही!" सुतारमामा गरजले. "आमचं घरी आहे दुसरं."

"मग आणा की."

"ते जरा... दुकानात आहे."

"दुकानात म्हणजे दुरुस्तीला?"

"धार लावायला!"

यावर जी बाचाबाची सुरू झाली ती साडेनऊपर्यंत चालली. एकोणीस-वीसच्या फरकाचं भांडण नेहमीच जास्त चालतं. वडील निघाले, आजोबा निघाले, कोणाचं मशीन कोणत्या थंडीत सुरू झालं नव्हतं तेही निघालं. घड्याळजी दोघांच्या मध्ये बसून मनापासून ऐकत होते आणि मधूनमधून "मग पुढे?" असं विचारून आगीत तेल ओतत होते.

बायको ओट्यावर उभी राहून हे बघत होती. चार महिन्यांची मखमल व्हॅनमध्ये, घड्याळाचे काटे दहाकडे, आणि नवरा "मग पुढे?" म्हणतोय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पदरानं पुसलं आणि पुसता पुसता सहज माणसं मोजली. सहा आणि सहा. फाटकाबाहेर रिकामा ट्रक.

ती खाली आली. "मामा," ती अगदी सहज म्हणाली, "व्हॅनमध्ये पडद्याचे दोन भाग आहेत. मी काकांना म्हणणार होते की खोडावरून पलीकडे ट्रकमध्ये टाका. पण म्हटलं, जड आहे. मशीनच्या जोरावर काम करणाऱ्यांच्या अंगात एवढी ताकद असते की नाही कोण जाणे."

"कोणाच्या अंगात नाही?" काका वळले.

"डावा भाग आमचा!" सुतारमामा ओरडले.

पुढच्या दहा मिनिटांत जे घडलं ते नगरपालिकेला बुधवारपर्यंत जमलं नसतं. सहा नारिंगी टोप्यांच्या खांद्यावर डावा भाग, सहा निळ्या सदऱ्यांच्या खांद्यावर उजवा. खोडापाशी तिघं पलीकडे, तिघं अलीकडे, आणि मखमल वरून सरसरत गेली. "जपून, जमिनीला लावू नका!" बायको ओरडत होती. लागू देतील कसे? दुसऱ्या बाजूचे बघत होते ना! ट्रक भरला. मग टांगण्यातही मागे राहायचं नाही म्हणून बाराही जण ट्रकमध्ये चढले. पुढे बायको बसली आणि ट्रक निघून गेला.

आवारात एकदम शांतता झाली. घड्याळजी एकटे उरले, समोर खोड आणि खोडात दोन मशीनं. आता त्यांनी पहिल्यांदा झाडाकडे नीट पाहिलं. भिंग लावून, वाकून, खालून आणि वरून. खोड मध्ये वाकलंय म्हणून फट मिटलीय. म्हणजे मध्ये उचललं तर उघडेल. व्हॅनमधला जॅक त्यांनी आणला, खाली फळी ठेवली, आणि चावी भरावी तसा हळूहळू फिरवला. कर्र. फटी उघडल्या. दोन्ही मशीनं अलगद बाहेर आली. ती त्यांनी खोडावर शेजारी शेजारी ठेवली आणि जॅक काढून पुन्हा जागेवर नेला, कारण हत्यार जागेवर जाणं महत्त्वाचं.

दुपारी मंडळी मशीनं न्यायला परतली. सुतारमामांनी आपलं मशीन पाहिलं आणि छाती फुगवली. "सुटलं ना शेवटी? म्हटलं नव्हतं? नारिंगी थंड झालं की आपलं आपण मोकळं होतं!"

"अहो, ते मी..." घड्याळजी म्हणाले.

"आमचंही सुटलंय," काका म्हणाले. "आणि तुमच्याआधी सुटलं असणार. भुसा बघा किती सुकलाय."

घड्याळजींनी दोघांचे तृप्त चेहरे पाहिले आणि ज्याचं मशीन त्याच्या हातात दिलं.

साडेपाचला ते नाट्यगृहात पोहोचले तेव्हा पडदा टांगून झाला होता. गर्द, जड, एकही सुरकुती नसलेला. बायको पहिल्या रांगेपाशी उभी राहून त्याकडे बघत होती. घड्याळजी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी नुसता तिचा हात धरला. मागे सुतारमामा आणि काका आपापल्या माणसांसह उभे होते, डावा भाग जास्त सरळ की उजवा यावर कुजबुजत.

इतक्यात नाट्यगृहाचे व्यवस्थापक धावत आले. "बरं झालं तुम्ही भेटलात! ते बघा."

पडद्याच्या अगदी शेजारी, भिंतीवर मोठं घड्याळ होतं. त्यात पावणेचार वाजले होते आणि गेले कित्येक दिवस वाजलेलेच होते. पाचशे माणसं पडद्याकडे बघणार आणि शेजारी हे बंद घड्याळ बघणार.

"नुसता सेल घालायचाय हो," व्यवस्थापक म्हणाले. "हा घ्या सेल, हे स्टूल."

घड्याळजी एक पाऊल मागे सरकले. "सेलचं आहे? मग मी हात लावत नाही."

"का बरं?" बायकोनं विचारलं.

"का म्हणजे? सेलच्या घड्याळात जीव नसतो. चावीचं घड्याळ श्वास घेतं. ते मागे पडतं, पुढे जातं, त्याला स्वभाव असतो! सेलचं म्हणजे नुसता डबा. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एक सेल दुकानात येऊ दिला नाही!"

"पण तुम्ही कधी उघडून पाहिलंय का एखादं? आत काय असतं?"

"मी कशाला उघडू?" घड्याळजी कडाडले.

पाठिंब्यासाठी त्यांनी मागे वळून पाहिलं. सुतारमामा आणि वखारवाले काका खांद्याला खांदा लावून उभे होते आणि दोघंही एकाच लयीत माना डोलवत होते.

"बरोबर आहे," सुतारमामा म्हणाले.

"अगदी," काका म्हणाले. "माणसानं एकदा धरलं ते धरलं."

घड्याळजींचा चेहरा हळूहळू लाल झाला. बायकोनं ओठ दाबून हसू आवरलं, पदर खोचला आणि व्यवस्थापकांच्या हातातून सेल घेतला. ती स्टुलावर चढली. स्टूल डुगडुगत होतं म्हणून घड्याळजींनी ते घट्ट धरलं, पण घड्याळाकडे पाठ करून. वर सेल बसल्याचा आवाज आला, मग काटे फिरवल्याचा.

"किती वाजले हो?" तिनं वरून विचारलं.

त्यांनी मनगटावरच्या चावीच्या घड्याळात पाहिलं. "सहाला सात कमी," ते म्हणाले, आणि तिला उतरायला हात दिला.