गणिताला हात लावू नये

ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावच्या आमच्या बालवाडीत गणित हातांनी शिकवलं जातं. तसं धोरणच आहे, पान अकरावर. त्यानुसार मंगळवारी सकाळी चार वर्षांच्या रोवननं दोन आखूड लाकडी ठोकळे एका लांब ठोकळ्यावर ओळीनं ठेवले. अगदी काठोकाठ बसले.

"नेल, बघ ना गं! दोन छोटे म्हणजे एक मोठा!" तो ओरडला. नेल म्हणजे मी, त्याची शिक्षिका.

"शाब्बास! आता हलवू नकोस," म्हणत मी टॅब्लेट आणायला धावले. फोटोशिवाय शिकणं ग्राह्य धरलं जात नाही, आणि गुरुवारी आमचा दर्जा ठरवायला तपासनीस येणार होत्या.

फोटोत मागे मेबल आली. मेबलच्या आईवडिलांची फोटोला संमती नाही. तिला व्हेजिमाइटच्या सँडविचसकट दुसरीकडे बसवेपर्यंत रोवननं एक ठोकळा उचललाच.

"अरे देवा! काढलास कशाला?"

"आता छोट्याएवढी जागा उरली. बघ तर खरं!"

"वजाबाकी पुढच्या सत्रात आहे रे राजा. होतं तसं ठेव."

त्यानं ठेवलं. फोटो निघाला. मग आमची संचालिका ग्लेनिस आली. "गुरुवारपर्यंत हे टिकायला हवं. ही कार्टी कसली टिकू देतायत!" म्हणत तिनं तिन्ही ठोकळे पक्के चिकटवून टाकले. गोंद लहान मुलांना अपायकारक, म्हणून भोवती दोरी आली. दोरीला पाटी आली: 'हाताळून शिकण्याचं गणित. कृपया हात लावू नये.'

रोवन दोन दिवस दोरीबाहेर उभा राहिला. मला फार वाईट वाटलं. पण त्याच्या शिकण्याचा अहवाल अर्धा राहिला होता.

"मुलांचा सहभाग?" गुरुवारी तपासनीस बाईंनी विचारलं.

"तो बघा ना," ग्लेनिस म्हणाली, "जागचा हलत नाही."

आम्हाला सर्वोच्च दर्जा मिळाला.

तीन वाजता रोवनची आई किरा त्याला न्यायला आली, तोवर अहवाल तिच्या फोनवर पोचला होता. 'रोवननं समतुल्यतेचा स्वयंप्रेरणेनं शोध घेतला.' तिचे डोळे भरून आले. रोवन अंगणातल्या काटक्या घेऊन तिची बाही ओढत होता.

"आई, बघ ना! या दोन छोट्या..."

"थांब रे सोन्या, तुझ्याबद्दलच वाचतेय."

तिला नावं ठेवू नका. हे एवढंसं वाचताना तुम्ही शेजारच्या कुणाला किती वेळा 'थांब जरा' म्हणालात, तेवढं मोजा. बोटांवर मोजलंत तरी चालेल. फोटो लागणार नाही.